दार तेच, भिंत वेगळी

टोरोरोच्या खडकावर ऊन चढलं तेव्हा
दवाखान्याच्या मागच्या खोलीत
अडिकिनीने पडदा ओढून घेतला.
काचेवर ओथिएनोचं रक्त,
गिम्साच्या जांभळ्यात न्हालेलं.

ओथिएनो बाहेर बाकावर झोपलाय.
दिवसा झोपतो, रात्री उठून गुरं मोजतो,
दहाची बारा होतात, बाराची सात.
बायकोने किटेंगेने सायकलला बांधून आणला त्याला,
मक्याचं पोतं आणावं तसा.
ओढ्याकाठी माश्यांसाठी निळं कापड टांगलेलं होतं,
ते कुणीतरी नेलं.
पोराच्या शाळेचा सदरा झाला असेल.

भिंगाखाली तो:
लाल पेशींच्या दाटीत
वळसा घेता घेता थिजलेली रेघ.
पोटात केंद्रक, जांभळा टिपका,
आणि मागच्या टोकाला आणखी एक, मोहरीहून मोहरी,
ज्यात हजारो कड्या एकमेकींत अडकलेल्या,
चिलखतासारख्या.
अडिकिनीला त्या कड्या दिसत नाहीत.
माहीत आहेत.

एन्टेबेला प्रशिक्षण होतं, तीन दिवसांचं.
जेवणात रोज माटोके.
तिथे मोठ्या पडद्यावर एक फोटो दाखवला,
केंद्रकाच्या भिंतीतल्या दारांचा.
दार कसलं, अष्टदल कमळच, आठ पाकळ्यांचं.
माणसात आठ. बुरशीत आठ.
आणि याच्यात?
आठच, बाई.

मागच्या रांगेतून कुणी विचारलं,
मग आपल्यात नि त्याच्यात फरक काय?
शिकवणारा थोडा वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, भिंत बघा.
आपली भिंत लॅमिनची.
याच्या घरात लॅमिन नावालाही नाही.
भलत्याच प्रथिनाचे लांबच लांब पीळ घेऊन
त्याने तीच भिंत उभी केली,
न बघता, न विचारता.

अब्ज वर्षांपूर्वीची वाटणी ही, त्याहूनही जुनी.
कागद नाही, पंच नाहीत.
दार दोघांच्या वाट्याला आलं,
भिंती ज्याने त्याने आपापल्या मातीच्या घातल्या.
आपण एकाचे दोन होताना घर पाडतो, पुन्हा बांधतो.
तो भिंतीला धक्का न लावता
आतल्या आत वेगळा होतो.
गुणसूत्रं ओढायचे त्याचे आकडेही
आपल्या कुठल्याच आकड्यासारखे नाहीत.

आणि त्या भिंतीला आतून खुंट्या.
खुंट्यांवर शेकडो डगले, अंधारात, मुके.
अंगावर एकच.
ओथिएनोचं रक्त तो डगला ओळखू लागतं,
पहारे बसवतं, ताप चढवतं,
तोवर गर्दीतल्या कुणीतरी
दुसरा काढून घातलेला असतो.

भाऊबंदकी म्हणावी तर
भावाने भावाचं रक्त प्यायल्याची गोष्ट नवी नाही.
पण इथे ज्याचं पितात त्यालाही,
पिणाऱ्यालाही,
एकाच आईचं दार आहे, हे
रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

अडिकिनीने अधिकचं चिन्ह काढलं.
तारीख घातली.
शाई संपत आलेली, म्हणून दोनदा गिरवली.

दारात ओथिएनोची बायको. काय दिसलं?
सापडला, अडिकिनी म्हणाली,
औषध आहे. फ्रिजशेजारच्या कपाटात आहे.
पाठीच्या मणक्यातलं पाणी आधी बघावं लागेल.
नात्याचं काही बोलली नाही.

बाकावर ओथिएनोने एक डोळा उघडला,
भर दुपारी, त्याच्या भाषेत विचारलं,
सकाळ झाली का?
तिच्या नावात सकाळ आहे,
म्हणून हाक मारल्यासारखी ती वळली
आणि हो म्हणाली.