उकार

माझी खुर्ची कुणी ओढत नाही,
तिच्यासाठी कुणी पक्षही बदलत नाही.
ती फक्त खचते.

पावणेदहाला दांडी ओढून मी वर येते.
खिडकीतून समोरची पाटी अख्खी दिसते:
गोडबोले दुग्धालय.
मग लग्नपत्रिका, दहावीचे प्रश्नसंच, कुणाचं तेरावं,
आणि साडेअकराच्या सुमाराला
'दु'चा उकार चौकटीखाली जातो.
दीडला अक्षरांचे पाय.
पाचला उरतात नुसत्या मात्रा,
खाली कुणी नसताना शिरोरेघेवर उभ्या,
आणि मी कीबोर्ड बडवत असते
बँकेच्या काउंटरशी टाचा उंचावलेल्या पोरासारखी.

आमच्या प्रेसमध्ये तसं सगळंच बसतं.
ठिपश्यांचा धंदा बसला, जिन्याकडची भिंत बसली,
गणपतीत फोनवर ओरडून माझा घसा बसला
तो दिवाळीला उठला.
मलाच तेवढं नीट बसता येत नाही.

हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीनं एक मजला बंद केला,
तेव्हा भवानी पेठेतून चौदाशेला आणलेली ही.
पाठीवर अजून नंबराचं स्टिकर.
आधी बसायचा तो सहा फुटी असावा:
हातांवरचे कोपरांचे खड्डे
माझ्या कोपरांपासून चार बोटं लांब.

शनिवारी रिक्षात तिला आडवी घातली, मी कडेला.
लक्ष्मी रोडच्या प्रत्येक खड्ड्याला
तिची पाच चाकं हवेत गरगरायची.
रिक्षावाला आरशात बघून म्हणाला,
"आजारी आहे का?"
म्हटलं, "हो. श्वास टिकत नाही."

नाना पेठेत मुनीर पिंजारींनी तिला उलटी केली.
पोटाशी वाळलेलं च्युइंगगम, एक टाचणी.
दांडी दाबली, कान लावला.
"गॅस गेला, ताई. नवा साडेनऊशे.
नाहीतर पाईप घालतो, सत्तर रुपयांत.
पण मग वर-खाली नाही. कायमची एकच उंची."
आणि मान वर करून,
"किती ठेवू?"

असं मला शिंप्याशिवाय कुणी विचारलेलं नव्हतं,
आणि शिंपीही विचारायचा
आईकडे बघून.

तिथंच फुटपाथवर बसले. पाय टेकवले.
डोळे मिटून बोटं हवेत धरली
आणि टाईप केलं: आमचे येथे श्रीकृपेकरून.
त्यांचा नातू हुजैफ फिसकन हसला.
"थोडी वर," मी म्हटलं.
"अजून. नाही, एक कण खाली."
मागे टेम्पोवाला हॉर्न देत होता.
पिंजारींनी घाई केली नाही,
मी हो म्हणेपर्यंत खडू हातात धरून उभे राहिले,
मग दांड्यावर रेघ मारली.

करवत चालली. पांढरा भुसा, करपट वास.
पाईपचा तुकडा उभा चिरला,
फाकवून दांड्याभोवती खट्‌कन घातला.
"बसला," म्हणाले.

सोमवारी ठिपसे एकदा बसून बघून गेले.
"माझ्या मानानं ठेंगणी आहे जरा."
मी स्क्रीनकडे बघत राहिले.

पाचला सवयीनं हात खाली गेला.
दांडी हलली, खुर्ची नाही.
समोर पाटीवरचा दिवा लागला होता.
'दु'खाली उकार होता,
दिवसभर तिथंच असणार.
म्हणून पत्रिकेतला 'शुभविवाह'ही
मोठा करून पुन्हा बघितला.
ऱ्हस्वच,
पण जागेवर.