श्श

केएमटीत खिडकीशी जागा मिळाली, रेवू मांडीवर.
विद्यापीठाच्या थांब्यावर तो चढला,
उंच, पाठीला लॅपटॉपची बॅग,
दांडी धरून आमच्याच समोर उभा.
रेवूनं वर बघितलं. मग आणखी वर.
आणि चार वर्षांच्या खणखणीत आवाजात विचारलं,
"आई, हा काका इतका काळा कसा गं?"

मी म्हटलं, श्श.

मागच्या सीटवर कुणीतरी फिस्सकन हसलं.
त्यानं रेवूकडं बघून भुवया उडवल्या,
माझ्याकडं बघितलं नाही.
जनता बझारला उतरून गेला.
पुढचे तीन थांबे मी
तिच्या फ्रॉकची नाडी सोडत आणि बांधत बसले.

श्श आमच्या घरात जुनं आहे.
मला बघायला आले तेव्हा मामी म्हणाली होती,
रंगानं जरा डावी, पण नाकीडोळी नीटस.
मी पडद्यामागं ट्रेमधले चमचे सरळ करत होते.
मग लग्नाआधी महिनाभर डाळीचं पीठ नि साय.
खरवडून खरवडून मी तीच राहिले.

रात्री दिवा मालवल्यावर म्हटलं, रेवू, ऐक.
तुझ्या आजोबांचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान होतं.
सौद्यात पिवळाधमक रवा आला की बोली चढायची,
काळपट रव्याकडं कुणी ढुंकूनही बघायचं नाही.
पिवळ्यात पावडर आहे हे
हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक.
आजोबा घरी आणायचे तो काळा.
"मग?"
मग काय, तोच जास्त गोड.
ती थोडा वेळ गप्प.
"पण काकाला खायचं नाहीये ना आपल्याला?"

अंधारात मला हसू आलं, मग लाज.
गूळ बाजूला ठेवला. साधं सांगितलं:
कातडीत एक रंग असतो,
कुणाच्यात जास्त, कुणाच्यात कमी.
काकाच्या आजीच्या आजीच्या आजीपासून
त्यांच्याकडं ऊन फार, म्हणून त्यांच्यात जास्त.
माझ्यात तुझ्यापेक्षा जास्त. हा बघ हात.
"अंधारात दिसत नाही."
उद्या बघ.
"त्याची आई कुठंय?"
लांब. विमानानं जावं लागतं.
"मग तो रात्री कुणाजवळ झोपतो?"
हे मला ठाऊक नव्हतं.
बसमध्ये विचारता आलं असतं.

"मग तू श्श का केलंस?"

चुकलं माझं.
वाटलं, त्याला वाईट वाटेल.
"काळा म्हटलं की वाईट वाटतं?"
शब्दाचं नाही गं. तो शब्द लोकांनी
फेकून मारलाय, पुष्कळदा.
"मी फेकला?"
नाही. तू विचारलंस.
फेकला त्या मागच्या सीटनं.
आणि थोडा मी.

तिचा श्वास जड होत आला. वाटलं, सुटले.
तेवढ्यात, अर्धवट झोपेत,
"मालन मावशीचा कप खिडकीत का असतो?
आपले तर फळीला असतात."

ओठांपर्यंत आलं होतं,
तेच.

ती झोपली. मी स्वयंपाकघरात गेले.
रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात
कान तुटलेला तो कप,
तळाशी चहाचं तपकिरी कडं.
सासूबाईंनी ठेवलाय, असं म्हणता येईल मला.
पण नऊ वर्षं मीही त्यातच ओततेय.
मालन मावशी पिऊन झाला की स्वतःच विसळते,
स्वतःच उपडा घालते.
तिला कधी श्श म्हणावं लागलं नाही.

सकाळी सातला ती येईल.
सव्वासातला सासूबाई पूजेवरून उठतील.
रेवू ब्रश तोंडात धरून
मधोमध उभी राहून बघेल.

कप हातात घेऊन उभी आहे.
फळीला सहा खिळे, सहा कप.
सातवा ठोकायचा
तर आवाज होणार.