सहा घोडे

जुनं इंजिन अडीच घोड्यांचं.
वरचा अर्धा घोडा कसा असतो, मला विचारा.
मे महिन्यात, दुपारी चारनंतर,
गंगापूर धरणाच्या ऐन मध्यावर
तो बसकण मारतो.

त्या दिवशी वारा त्र्यंबकच्या डोंगरांवरून उतरला
आणि आम्ही होतो तिथेच होतो.
पंखा फिरत होता, पाणी मागे जात होतं,
काठावरची एकच एक बाभूळ मात्र
तासभर आमच्याकडे बघत उभी.
शीड मी आधीच गुंडाळलेलं. भीतीने.
हे घरी सांगायचं नाही असं ठरवलं,
पण घर तर समोरच बसलं होतं
ओढणी कानांवरून गच्च बांधून,
मुठीत शेंगदाण्यांची पुडी.

शेवटी लहानू पारध्याने दोर टाकला.
वल्ही मारत, काठाकाठानं, कडेच्या आडोशानं नेलं.
म्हणाला, वाऱ्याशी भांडू नये सायेब,
त्याला सांगावं, तू हो पुढं.
पैसे घेतले नाहीत. दोन बांगडे दिले असते तर घेतले असते,
पण बांगडे आमच्याकडे कुठले.

चौतीस वर्षं सातपूरला लेथवर काढली.
अपमान मला मापातच कळतो.
हा साधारण साडेतीन घोड्यांचा होता.

फेब्रुवारीत अलिबागहून सहाचं आलं,
जुनंच, पण राखलेलं.
वाशीला द्राक्षं उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत
क्रेटांच्या मधे आडवं निजून आलं.
उघडलं तर पेट्रोलच्या आधी द्राक्षांचा वास.
कुंदा म्हणाली, याला धुऊन घ्यायचं का?

मागची फळी त्याला पेलेना.
सागाची नवी घातली, दोन सूत जाड,
अंबडच्या मुश्ताकने कंस जोडून दिला.
मग दांडा आखूड निघाला.
पंखा निम्मा हवेत, नुसता खाकरतो.
कंस कापला, खाली घेतला, पुन्हा जोडला.
मुश्ताक म्हणाला, होडी नवी घेतली असती
तर स्वस्त पडली असती, चाचा.
हे तो मागच्या वेळीही म्हणाला होता.

आणि मग वजन.
तेराच्या जागी सत्तावीस किलो.
होडीचं वरामण पाण्यात, नाळ आभाळात,
देवळात मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी.
नांगर पुढे नेला, पाण्याचा कॅन पुढे नेला,
बॅटरी नेली. पुरेना.
लहानू काठावर विडी विझवत म्हणाला,
बाईंना नाळेवर बसवा.

अकरा वर्षं ती माझ्या शेजारी, मागे बसली.
आता अकरा फुटांवर, पाठमोरी.

परतीला पन्नास मिनिटं लागायची. आता बारा.
त्या पन्नास मिनिटांत आम्ही काय करायचो
ते आठवायला गेलो, तर काहीच नाही:
तिच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन,
भाडेकरूने बदललेला नळ,
सावरगावच्या टेकडीवर दिवा लागला की
"लागला" म्हणणं.
आता ती पुढून काहीतरी म्हणते.
ओढणीची गाठ हलते तेवढी दिसते.
मी "हो" म्हणतो. मोठ्याने. इंजिनालाच.

गेल्या रविवारी तिने मधेच हात वर केला,
मी वेग कमी केला, बंद केलं.
ती पाय सावरत मागे आली.
माझं वजन बासष्ट, तुमचं एकाहत्तर, म्हणाली.
हिशेबाने नाळेवर कोणी बसायचं?
लेथवाल्याला मापात हरवलं.

तर मी पुढे.
पाणी समोरून येताना मी पाहिलंच नव्हतं,
मला ते नेहमी कापून झालेलं मिळायचं.
इथे ते अजून सपाट, त्यावर एक पाणकावळा,
त्यालाही घाई नाही.

मागे कुंदाने मूठ पिळली.
सहाच्या सहा घोडे एकदम उधळले,
माझी टोपी गेली.
ती काहीतरी ओरडली. टोपीबद्दल असेल,
नाहीतर दिवा लागला असेल टेकडीवर.
मी मान हलवली,
मागे न बघता.