खोक्यावरची म्हण

चोपड्याबाहेर, धरणगाव रस्त्याला, पॅकहाउसमध्ये
केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यात बुडतात, निथळतात.
सुपडाबाईचे हात चिकाने काळे, मनगटापर्यंत.
खोकं भरता भरता ती बोलून गेली:

बाई रांधस, गडी खास,
मांजर मिश्या पुसस.

सगळ्या हसल्या. सुपरवायझर घनश्यामही हसला,
म्हणजे त्याला कळली नसावी.

ओसाकाच्या कुवाबारा-सानना खोक्यावर छापायला
तिथल्याच बायकांच्या तोंडची एक म्हण हवी आहे.
तेरा किलोचं खोकं, म्हणीला जागा अडीच इंच.
भाषांतर माझ्याकडे.

मांजर लगेच झालं. नेको. मिश्यांसकट.
अडलं ते बाईपाशी.

आधी जोसेई लिहिलं.
वाचून पाहिलं तर दवाखान्याचा फॉर्म, रकाना क्रमांक चार.
जोसेई कधी रांधत नाही,
जोसेईची टक्केवारी निघते.

मग ओन्ना नो हितो. सभ्य आहे,
पाहुण्यांसमोर पदर सावरून बसलेलं.
पण चुलीच्या धगीत एवढे शब्द कोण नेसेल?

उरलं नुसतं ओन्ना.
लिहायला एकच चित्र. म्हणतात,
गुडघे दुमडून बसलेली कुणी आहे त्यात.
सुपडाबाई दिवसभर उभी असते, टाकीपाशी.
शिवाय पुण्याच्या क्लासात सेन्सेईंनी बजावलेलं:
ओन्ना जरा जपून हं.
तिकडच्या बातमीत जिचा खून होतो ती जोसेई,
जिच्यावर संशय असतो ती ओन्ना.

गड्याचंही तेच.
दानसेई केला की तो कोट घालून ताटावर बसतो,
ओतोको केला की भुरके मारतो,
पण गडी म्हणजे चाकरही, पत्त्यांतला भिडूही,
तेवढं कुठल्या ओतोकोत मावणार?

दुपारी डबे उघडले. कळण्याची भाकर, ठेचा.
सुपडाबाईलाच विचारलं:
बाई म्हणजे कसली बाई? घरंदाज, साधी, की नुसती?
तिने भाकरीचा तुकडा मोडला.
"बाई म्हंजे बाई.
तिले काय घडीघडी लुगडं बदलाले लावस तू?"

घरी येऊन मराठी कच्चा खर्डा फाडला.
त्यात रांधते होतं, खातो होतं, पुसतं होतं,
क्रियापदं आधीच वेगवेगळ्या पंगतीत बसवलेली.
सुपडाबाईच्या बोलीत
रांधस, खास, पुसस,
बाईला, गड्याला, मांजराला एकच शेपूट.
जपानीतही क्रियापद विचारत नाही, तू कोण.
म्हणजे तापी सुरतेच्याही पुढे जात होती, सरळ,
मधे माझी मराठीच उगाच टोल घेत उभी.

ओन्ना गा निते,
ओतोको गा कुई,
नेको गा हिगे ओ फुकु.

कुई म्हणजे खाणंच, पण मांडी घालून,
तोंडाचा आवाज करत.
ताबेरुने जेवण आटोपलं असतं, म्हण नाही.

रात्री कुवाबारा-सानचं उत्तर आलं:
छान आहे. मात्र ओन्ना खोक्यावर थोडं कडक वाटतं.
जोसेई करता येईल का?

उत्तरात लिहिलं:
येईल. मग ओतोकोचा दानसेई करावा लागेल,
त्याला कुई शोभणार नाही, ते बदलावं लागेल,
आणि शेवटी मांजराला खुर्ची द्यावी लागेल.
ही बाई कडक नाही.
ती फक्त घरातल्यासारखं बोलते आहे.

दोन दिवस काही नाही.
तिसऱ्या दिवशी एकच ओळ: ओन्ना राहू द्या.
आणि खाली, विनाकारण,
आमच्या आईनेही हेच म्हटलं असतं.

संध्याकाळी पाळी सुटली.
सुपडाबाईने हात रॉकेलने पुसले,
चीक निघाला नाही.
फाटकातून मागे न बघता म्हणाली,
"चाल, येस मी."

त्या मेलच्या शेवटी मलाही निरोप लिहायचा होता.
मराठीत पहिलंच अक्षर टाकलं की
पुढचं अक्षर विचारतं, कोण?
खोडलं.
तिचंच घेतलं उसनं.

येस मी.