विषय क्रमांक एक्केचाळीस

बत्तीस वर्षं मी सभेचं इतिवृत्त लिहिलं,
शरणपूर रोडवरच्या महापालिकेत.
कोण काय बोललं यापेक्षा
काय लिहायचं नाही, ते मला जास्त पाठ होतं.

त्या दिवशी एक्केचाळीसवर आलो होतो.
पेठ रोडचे पथदिवे.
दिगंबर गांगुर्डे उठले,
पांढरा सफारी, खिशात दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं,
आणि दिव्यांचं राहिलं बाजूला, म्हणाले,
माझ्या प्रभागात दोन पोरं राहतात, टांझानियाची,
फार्मसीला आहेत.
सोसायटीनं त्यांचं पाणी तोडलंय.
गेटवर फलक लावलाय.

महापौर म्हणाले, विषयाला धरून बोला.
मागच्या बाकावरून आवाज आला,
अंधाराचाच तर विषय आहे, साहेब.
सभागृह हसलं.
मीही हसलो.
तेव्हा हे लिहिलं नव्हतं.

गांगुर्ड्यांनी हशा पुरता संपू दिला.
मग बोलले, ओट्यावर बसून बोलावं तसं:
पंचवटीत ज्याच्या पायाशी आपण डोकं ठेवतो
त्याच्या नावातच रंग आहे.
त्याच दाराबाहेर माझा चुलत आजा
उन्हात बसला होता,
कपाळाला दगडाची खोक घेऊन घरी आला.
तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल,
विषयाला धरून बोला.

सूचना आली, वगळा.
वगळलं. चार ओळी, त्यावर एक सरळ रेघ,
समासात माझी छोटी सही.

देवमाणूस वगैरे नव्हते ते.
टँकरच्या ठेक्यात मेहुणा होता.
जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कधी जुळला नाही,
आणि मतदानाच्या आदल्या रात्री
त्यांच्या जीपमधून साड्या उतरताना
मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात.

पण त्या संध्याकाळी हा माणूस,
दोन्ही गुडघे गेलेला,
पाना घेऊन सोसायटीच्या गच्चीवर चढला.
खाली सेक्रेटरी, वॉचमन, दहाबारा मोबाइल.
व्हॉल्व्ह गंजला होता, हलेना.
शर्टाच्या बाहीनं धरून फिरवला.
तिसऱ्या मजल्यावरचा नळ आधी खोकला,
मग गढूळ आला,
मग आला.

फलक निघाला.
आठवड्यानं दुसरा लागला, सुवाच्य अक्षरात:
कुटुंबांना प्राधान्य.

मग बराका आणि येरेमिया
गांगुर्ड्यांच्याच माडीवर राहायला गेले.
भाडं बाजारभावानं. अनामत वेगळी.
मी म्हटलं, निदान हजार तरी सोडा.
म्हणाले, कुलथे, सोडले की उपकार होतो.
घेतले की भाडेकरू होतो.
भाडेकरूला भांडता येतं.

आणि भांडला तो बराका,
गळक्या पाइपावरून, मोडक्या हिंदीत,
रात्री साडेदहाला फोन करून.
गांगुर्डे दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये
हे चौघांना सांगत होते,
नातवानं पहिलं पाऊल टाकल्यासारखं.

पुढच्या निवडणुकीत पडले.
एकशे एकोणीस मतांनी.
सोसायटीत मतं होती एकशे चाळीस.
हा हिशेब त्यांनी गच्चीवर चढण्याआधी केला होता का,
विचारायचं राहून गेलं.
आता ते नाहीत.

निवृत्तीनंतर कुठंतरी वाचलं,
दीडशे वर्षांपूर्वी गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली
आफ्रिकेची मुलं
इथं, याच भागात आणून ठेवली होती.
सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली,
गोदेचंच पाणी प्यायली असणार.
आणि मी बत्तीस वर्षं,
आधी सायकलवर, मग लुनावर,
त्या रस्त्यानं गेलो
आणि त्याचं नाव कधी फोडून वाचलं नाही.
शरण.
पूर.

त्या चार ओळी काल विजेच्या बिलामागे लिहून काढल्या.
चौथी नीट आठवेना.
सभागृहाच्या दप्तरात आहे ते एवढंच:
विषय क्रमांक एक्केचाळीस, पेठ रोडवरील पथदिवे,
एकमताने मंजूर.

दिवे लागले. अजून आहेत.