बाकी

सोमवारी फळांची टोपली यायची.
आधी किवी, द्राक्षं, एकदा तर डाळिंबंसुद्धा.
मग नुसती सफरचंदं.
मग नुसती टोपली.
ती कुणी हलवली नाही,
तिच्यात आता जुन्या चार्जरांच्या वायरी असतात.

ताम्पेरेतली ही लाल विटांची इमारत
पूर्वी कापडाची गिरणी होती.
जिन्यात फोटो आहे: रुमाल बांधलेल्या बायका,
मागे माग.
नव्या पोरांना आम्ही तो हौसेनं दाखवायचो,
बघा, कुठून कुठे आलो!
आता नवी पोरं येत नाहीत
आणि डावीकडून तिसरी बाई
माझ्याकडे ओळखीनं बघते.

चौथा मजला मालकाला परत केला.
तिसऱ्यावर दाटी होईल असं वाटलं होतं.
झाली नाही.

ज्याला क्लायंट नाही, तो बाकावर,
असा आमच्या धंद्यातला शब्द.
खरं बाक कुठेच नाही.
बाकावरचे आणि बाकीचे
एकाच खिडकीशी बसतो,
वजाबाकी हेलसिंकीत होते.
तिला बदलाची बोलणी म्हणतात.
ती चालू असतात तेव्हा
कॉफीच्या मशीनशीसुद्धा कुणी बोलत नाही.

निरोपाचा केक आधी कंपनी आणायची.
नंतर जाणाराच आणू लागला.
हिलेवीनं घरी भाजून आणला होता, ब्लूबेरीचा,
कडेला जरा करपलेला.
तिचं काचेचं भांडं अजून फडताळात आहे.
न्यायला येते म्हणाली होती.

आणि रौनो. सत्तावीस वर्षं.
एप्रिलमध्ये गेला, जाताना कार्ड टेबलावर ठेवलं
आणि खिडकीतलं नेचं तसंच सोडलं.

नोव्हेंबरात, दुपारी साडेतीनच्या अंधारात,
कागद गिरणीची सिस्टिम बंद पडली.
तिची कागदपत्रं म्हणजे रौनो.
मी फोन लावला. पलीकडे लाकडं फोडणं थांबलं.
"तारीख दोनदा उलटवलेली दिसेल," तो म्हणाला,
"चूक नाही ती, हात लावू नकोस.
त्याखाली बघ. एक शून्य जास्त असणार."

होतं.

गिरणी सुरू झाली. मी आभार मानले.
त्यानं फोन ठेवला नाही.
आमच्याकडे लोक फोनवरही गप्प राहू शकतात,
पण इतका वेळ नाही.
मग म्हणाला, "माझं नेचं जगलंय का?"

"हो," मी म्हणालो.
आणि नंतर उठून बघायला गेलो.

झाडांना पाणी घालणाऱ्या बाईचं कंत्राट
उन्हाळ्यातच संपलेलं.
तपकिरी, तपकिरी, तपकिरी,
आणि अगदी मध्ये, मुठीएवढं काहीतरी,
हिरवं म्हणता येईल असं.
मी कपातलं सगळं पाणी ओतलं.

तासांच्या तक्त्यात लिहायचं होतं: चाळीस मिनिटं.
काम कोणी केलं?
यादीत र वर रौनो नव्हता.
मी माझं नाव निवडलं.
बिल गेलं, पैसे आले,
क्लायंटनं लिहिलं, तुमच्यासारखी माणसं हवीत.
ते पत्र हेलसिंकीनं सगळ्यांना पाठवलं.
पुढच्या बोलण्यांत मी वाचलो.

रौनोला हे सांगितलेलं नाही.
त्याचा नंबर आहे माझ्याकडे.

कुंडीतून पाणी गळून खिडकीचा लाकडी कठडा फुगत होता,
म्हणून खाली हिलेवीचं भांडं ठेवलंय.