पाळणा लांबला

चियातुराच्या दरीवरून एकतीस वर्षं
मी पाळणा चालवला. पत्र्याचा,
तारेवर लोंबणारा, आत दाटीनं उभी माणसं.
खाणवाले सकाळी वर, संध्याकाळी खाली.
मी दिवसभर दोन्ही.

आणि दर खेपेला बरोब्बर मध्यावर
समोरून एतेरीचा पाळणा.
चार सेकंद.
तिचा एक हात दांडीवर, दुसऱ्यात सूर्यफुलाच्या बिया,
आणि गेली.

स्मेना कॅमेरा माझ्या भावाचा, जुम्बेरचा.
त्यानं मोटारसायकल घेतली तेव्हा तो माझ्याकडे आला,
जुने स्वेटर येतात तसा.
पहिल्या रिळात एतेरीचे नऊ फोटो.
नऊही रेघा. आडव्या, पांढुरक्या,
एकीत फार तर रुमालाची गाठ असावी.

मग नादच लागला.
न्हाणीघरात लाल दिवा, टबात कागद पोहताहेत,
दाराबाहेर शाल्वा, खांद्यावर टॉवेल टाकून:
"नाझिब्रोला, शिजली का तुझी माणसं?
मला अंघोळ करू दे."

मुलगी झाली. कॅमेरा पिठाच्या डब्यामागे गेला.
मधे एकदा निघाला, मुलगा झाला, परत गेला.
घरातला पाळणा हलता, तारेवरचा चालता,
या तिसऱ्याचा तेवढा
पाळणा लांबला म्हणायचं.
कुणी विचारलं तर मी सांगायचे, सोडलं.
सोडलं कुठलं! रस्त्यानं जाताना
एक डोळा आपोआप मिटायचा.

नंतर ती वर्षं आली, वीज नसण्याची.
अख्खं गाव डार्करूम
आणि धुवायला एक रीळ नाही.
मक्याच्या अर्ध्या पोत्यावर स्मेना गेला.
त्या हिवाळ्यात आम्ही भिंगाच्या भाकरी खाल्ल्या
मीठ लावून.
लागल्या बऱ्या.

त्यावर महिनाही झाला नसेल,
वीज गेली ती आम्ही नेमक्या मध्यावर असताना.
दोन्ही पाळणे थांबले. समोरासमोर.
चार सेकंदांची बाई तीन तास पुढ्यात,
बर्फावरून उसळलेला उजेड तिच्या गालावर
कुणी मापानं ओतल्यासारखा,
आणि माझे हात रिकामे.

तेव्हा पाहिलं.
डाव्या भुवईत जुना व्रण.
पुढच्या दाताचा टवका उडालेला, बियांनीच असणार.
दांडीवरची बोटं पांढरीफटक.
"एतेरी, थंडी वाजतेय का गं?"
"थंडी नाही," ती ओरडली,
"मला उंचीची भीती वाटते.
पहिल्या दिवसापासून.
तोंड चालू असलं की खाली लक्ष जात नाही."

आता पाळणे नवे, काचेचे, आपोआप चालणारे.
नातीनं, तेक्लेनं, बाजारातून कॅमेरा आणून दिलाय,
कुणा मेलेल्याचा, पट्ट्यावर त्याच्या नावाची अक्षरं.
पेन्शनीत रीळ बसत नाही. बसवते.
तिकीट काढून जाते, मध्यावर बटण दाबते.
समोरून बहुतेकदा रिकामी बाकं येतात, अगदी स्वच्छ.
गुडघे धरले की पुन्हा दोन-चार महिने बंद.

एतेरी थेस्सालोनिकीला,
तिथल्या एका म्हातारीला सांभाळते.
परवा तिनं फोटो पाठवला,
जन्मात तिनं काढलेला पहिलाच.
तिरका, अर्ध्यात अंगठा,
उरलेल्या अर्ध्यात एक दार, पायपुसणं, तुळशीएवढं काहीतरी कुंडीत.
खाली लिहिलंय:
तळमजला मिळाला.